शिरूरपासून शिरूरपर्यंत

शिक्षकाच्या आयुष्यात असे काही प्रश्न येतात की, विचारणारा विद्यार्थी ते लवकरच विसरून जातो. ज्याला ते विचारले गेले त्याला मात्र ते विसरता येत नाहीत. काही वर्षांमागे आम्ही पदवीच्या वर्गाला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ शिकवीत होतो. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या या लहानशा कादंबरीच्या शेवटाविषयी आमचे एक ठरीव विवेचन असे आणि खरे सांगावयाचे तर ते आमचे आम्हांसच फार आवडत असे. दुष्काळ पडतो, मेंढरे मरू लागतात, एकेक घर जगण्यासाठी बाहेर पडते, वाडी ओस होते आणि तो कोवळा मास्तरही अखेर तेथून निघतो. एवढा मोठा अनर्थ लेखकाने किती थोड्या शब्दांत, किती निर्विकारपणे सांगितला आहे, हे आम्ही मोठ्या उत्साहाने सांगत होतो. तास संपता संपता मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, पण ती माणसं पुढं गेली कुठं?”

“कादंबरी तिथंच संपते,” असे उत्तर आम्ही दिले. वर्ग थोडा हसला, घंटा झाली आणि आम्ही हजेरीपट घेऊन बाहेर पडलो. ती मुलगी बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्याची असून तिचे आईवडील त्याच दिवसांत आमच्या महाविद्यालयापासून अवघ्या काही कोसांवर ऊस तोडीत होते, हे आम्हांस पुढे कळले. तेव्हा आमच्या ध्यानात आले की, तिचा प्रश्न बालिश नव्हता. बालिश होते ते आमचे उत्तर. ते सुधारावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्रातील शिरूर नावाच्या तालुक्यांपैकी दोन येथे आमच्या डोळ्यांपुढे आहेत. एक बीड जिल्ह्यातील शिरूर कासार आणि दुसरा आमच्या पुणे जिल्ह्यातील शिरूर. याच्या मुख्य गावास जुनी माणसे अजूनही घोडनदी म्हणतात. पहिला बालाघाटाच्या अंगाखांद्यावरचा, पावसाच्या भरवशावरचा. दुसऱ्यात घोड व भीमा या नद्यांच्या आणि कालव्यांच्या पाण्यावर कित्येक कोस उसाचे फड उभे. दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिल्या शिरुराकडून, तसेच पाटोदा, आष्टी, धारूर, पाथर्डी या बाजूंकडून शेतकरी कुटुंबे घराला कुलूप लावून पश्चिमेकडे निघतात. त्यांतील काही न्हावऱ्याच्या घोडगंगा कारखान्याच्या आसमंतात, काही पाटसच्या भीमा कारखान्याच्या, तर काही आणखी पुढे कृष्णाकाठी जात आली आहेत. आज हा प्रवास बहुधा मालमोटारीतून किंवा ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या ट्रॉलीतून होतो. परंतु आमच्या पिढीने रस्त्याच्या कडेने चाललेल्या बैलगाड्यांच्या रांगा पाहिल्या आहेत. गाडीवर वेळूच्या कांबी वाकवून त्यांवर ताडपत्री किंवा जुनी लुगडी ताणलेली. आत पिठाचे डबे, जर्मलची भांडी, वाकळा, दोनचार कोंबड्या व एखादे तान्हे मूल. धुरेवर बाप, मागे पायी चालणारी आई आणि गाडीखाली दोरीने बांधलेले कुत्रे. आम्ही मोटारीच्या खिडकीतून ते पाहिले आणि मोटार पुढे गेली.

अशीच एक छपराची गाडी आम्ही लहानपणापासून पुस्तकांत व चित्रपटांत पाहत आलो होतो आणि तिच्यावर आमचे फार प्रेम होते. ती अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिसुरीच्या काठापासून ओरेगॉनपर्यंत सुमारे दोन हजार मैलांचा पल्ला शेतकरी कुटुंबांनी अशा गाड्यांतून काटला. त्या गाड्यांनाही पुष्कळदा बैलच जुंपलेले असत आणि बहुतेक माणसे गाडीत न बसता तिच्या बाजूने चालत. १८६२ च्या कायद्याने, जो पाच वर्षे राहून जमीन कसील त्याला १६० एकर देऊ केले. इंग्रजी शिकलेल्या आमच्यासारख्या माणसाला मिसुरी नदी कोठे आहे हे ठाऊक असते, परंतु वडवणी किंवा केज नकाशावर दाखवावयास सांगितले तर त्याचे बोट अडखळते. ही आमच्या शिक्षणाची गोष्ट झाली. आम्हांस बोलावयाचे आहे ते वाङ्मयाविषयी.

अमेरिकेच्या या वाङ्मयाकडे नीट पाहिले तर त्याचे दोन वर्ग सहज पडतात. पहिला वर्ग प्रवासाच्या कथांचा. एमर्सन हफ याची ‘द कव्हर्ड वॅगन’ ही कादंबरी १९२२ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावरील मूकपट जगभर गाजला. नदी ओलांडणे, तांड्यातील भांडणे, प्रेमाचा एक त्रिकोण, आणि शेवटी मुक्काम गाठणे, असा या जातीच्या कथांचा साचा असतो. मुक्काम आला की गोष्ट संपली. दुसऱ्या वर्गातील लेखक मात्र दुसऱ्याच ठिकाणाहून आरंभ करतात. विला कॅथर हिची ‘ओ पायोनियर्स!’ (१९१३) उघडते तेव्हा बर्गसन कुटुंब नेब्रास्कात येऊन कित्येक वर्षे झाली आहेत. बाप मरणपंथाला लागला आहे आणि जमीन अजून वश झालेली नाही. म्हणजे जेथे पहिल्या वर्गाची कथा संपते त्याच्याही पलीकडे कॅथर आपली कथा सुरू करते. जॉन स्टाइनबेक याच्या ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ (१९३९) या कादंबरीत ओक्लाहोमाचे जोड कुटुंब मोडक्या मोटारीत संसार घालून पश्चिमेस निघते. तीस प्रकरणांच्या या पुस्तकात ते कॅलिफोर्नियात पोहोचते अठराव्या प्रकरणाच्या आसपास. पुढची सर्व प्रकरणे पोहोचल्यानंतर काय झाले त्याची आहेत: मजुरी कशी पडली, छावणीत कोण भेटले, पोलिसांनी काय केले, आईने घर एकत्र कसे धरून ठेवले. या पुढच्या प्रकरणांमुळेच ते पुस्तक थोर झाले, असे आमचे मत आहे. वाट दाखविणे हे कुशल कथाकाराचे काम असेल. परंतु आलेल्या माणसाचे पुढे काय झाले हे सांगावयास अधिक मोठा लेखक लागतो.

आता मराठीकडे वळू. आमच्याकडे पहिला वर्गही नाही आणि दुसराही जवळजवळ नाही. आमच्या ग्रामीण कादंबरीत निघून जाणे हा शेवट असतो. पाऊस हुलकावणी देतो, बैल विकले जातात, घराला कडी लागते आणि पडदा पडतो. गाव हाच या वाङ्मयाचा नायक. त्यामुळे माणूस गावाच्या वेशीबाहेर पडला की तो लेखकाच्या हद्दीबाहेर गेला, असे काहीसे ठरून गेले आहे. जणू तो मेलाच!

येथे एक खुलासा करणे न्यायाचे होईल. ‘बनगरवाडी’चा शेवट सदोष आहे असे आम्ही म्हणत नाही. ती कथा मास्तर सांगतो. मास्तराला जेवढे दिसले तेवढेच त्याने सांगावे, ही त्या कादंबरीची शिस्त आहे. पांगलेल्या धनगरांमागे तो गेला असता तर ती शिस्त मोडली असती. शिवाय ते मेंढपाळ आहेत; त्यांच्या जगण्यात हिंडणे मुळातच आहे. कलाकृतीने आपली मर्यादा ओळखून थांबावे यात दोष कसला? दोष आहे तो आम्हां टीकाकारांचा व अध्यापकांचा. एका कादंबरीला जी मर्यादा शोभून दिसली ती आम्ही सर्व ग्रामीण वाङ्मयाचा नियम करून टाकली. ओस पडलेले गाव हा सौंदर्याचा विषय झाला, आणि ते ओस पडल्यामुळे दुसरीकडे कोठे तरी उसाच्या बांधावर शंभर कोप्यांचे एक नवे गाव उभे राहिले असेल, हे विचारण्याचे कोणास सुचले नाही.

या नियमाला अपवाद आहेत आणि त्यांचा उल्लेख आदराने केला पाहिजे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधील (१९६०) कौतिक सासरचे घर सोडून नवऱ्याला व मुलांना घेऊन माहेरच्या गावी नव्याने संसार मांडते. तिचे जाणे हा कथेचा शेवट नसून ती कथेची सुरुवात आहे, आणि म्हणूनच तिच्या झुंजीला एवढी उंची येते. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) धरणात बुडालेल्या गावापाशी हळहळत न बसता विस्थापितांच्या मागोमाग नव्या वसाहतीत जाते आणि तेथील वंचना दाखविते. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) हे तर सर्वस्वी वाटेवरच्या संसाराचे आत्मकथन. गाढवांच्या पाठीवर घर लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाला गाव नाही म्हणून त्याची कथा अडली नाही; उलट त्या फिरण्यातूनच पुस्तकाला आकार आला. तेव्हा मराठीला हे जमत नाही असे म्हणता येणार नाही. जमते, पण टीकाकाराने त्याची वाट पाहिली नाही.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांविषयी आम्हांस विशेष ओढ आहे ती केवळ आमचे त्यांच्याशी नित्याचे जाणेयेणे आहे म्हणून नव्हे. निघालेली माणसे जेथे येऊन पोहोचतात असा हा मुलूख आहे. पूर्वेकडून ऊसतोडीची कुटुंबे येतात व उन्हाळ्यात परत जातात. पश्चिमेकडून, सह्याद्रीच्या खोऱ्यांतून, धरणांनी उठविलेली शेतकरी कुटुंबे येथे आली, ती परत जाऊच शकत नाहीत. कारण त्यांच्या मागे गाव उरलेले नाही, पाणी उरले आहे. पानशेतचे नाव काढले की पुण्याच्या सुशिक्षित माणसाला १२ जुलै १९६१ आठवतो. पेठांत शिरलेले पाणी, वाहून गेलेले वाडे आठवतात. हे स्वाभाविक आहे. परंतु आंबी व मोशी या नद्यांच्या खोऱ्यांतील भाताची खाचरे पानशेत-वरसगावच्या पाण्याखाली गेली, आणि तेथील कित्येक शेतकरी खाली देशावर, हवेली-दौंडच्या सपाटीत, बाजरी व उसाच्या जमिनीवर आणून बसविले गेले, हे पुण्याच्या आठवणीत जवळपास नाही. भामा-आसखेडच्या धरणग्रस्तांच्या बाबतीत तर पाणी साठल्यावरही जमिनीचे प्रश्न कित्येक वर्षे लोंबकळत राहिले. डोंगरातला माणूस, ज्याच्या अंगणासमोर पावसाळ्यात धबधबे वाहत, तो भीमथडीच्या उघड्या माळावर येऊन कालव्याच्या पाळीची वाट पाहू लागतो. त्याचा भात गेला, नाचणी गेली, देव बुडाला आणि शेजार बदलला. एका कादंबरीला याहून अधिक काय पाहिजे?

आणि यात आणखी एक गुंता आहे. तो आमच्या मते सर्वांत मोलाचा. धरणग्रस्तांना द्यावयाची जमीन आकाशातून पडत नाही. कायद्याने ती धरणाच्या लाभक्षेत्रातील अधिक जमीन असलेल्या शेतकऱ्यांकडून घेतली जाते. म्हणजे ज्याच्या शेताला पाणी मिळाले त्याच्याच शेताचा एक तुकडा, ज्याचे शेत पाण्याखाली गेले त्याला. कागदावर हा न्याय चोख आहे. बांधावर मात्र दोन शेतकरी एकमेकांकडे पाहत उभे असतात आणि दोघांनाही वाटते की आपली फसवणूक झाली. यांतील कोणालाही खलनायक न करता ही कथा लिहिता येईल. किंबहुना तशीच ती लिहिली पाहिजे.

नवी भूमी ही नेहमी कोणाची तरी जुनी भूमी असते. अमेरिकेच्या गाडीवाल्यांच्या कथांनी ही गोष्ट फार काळ दडवून ठेवली. ती १६० एकर जमीन मोकळी नव्हती. तेथील मूळच्या जमातींना मागे रेटून ती मोकळी करण्यात आली होती. मराठी वाचकाला हे सांगणारी व्यक्ती योगायोगाने याच परिसराशी जोडलेली आहे. पंडिता रमाबाई १८८६ च्या आरंभी आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या, तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या आणि परत आल्यावर १८८९ साली त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या देशातील स्त्रियांची प्रगती, लोकसत्ता व उद्योग यांचे त्यांस मोठे कौतुक. परंतु तेथील आद्य रहिवाशांवर झालेल्या अन्यायाविषयी त्यांनी डोळे मिटून घेतले नाहीत. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात उपाशी मरणाऱ्या मुली व स्त्रिया रमाबाईंनी आपल्याबरोबर आणल्या आणि त्यांचे बिऱ्हाड दौंड तालुक्यातील केडगाव येथे वसविले. १९२२ साली तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या धर्मांतराविषयी कोणाचे मत काही असो. घरदार गमावलेल्या माणसांनी नव्या जागी विहीर खणून, शेत कसून, छापखाना चालवून पुन्हा आरंभ करावा, याचा एक मोठा प्रयोग याच मातीत झाला, हे नाकारता येत नाही. केडगाव स्थानकावरून आम्ही शेकडो वेळा गेलो. आरंभाची कथा शोधावयास मात्र नेब्रास्कात जात राहिलो.

आता ऊसतोडीच्या गाडीकडे परत येऊ. कारण तिच्या बाबतीत लेखकापुढील अडचण निराळी आणि अधिक बिकट आहे. अमेरिकेची गाडी एकदाच जाते. तिच्या प्रवासाला आरंभ, मध्य आणि अंत आहे. ती सरळ रेषेत चालते, म्हणून तिची कादंबरी सहज होते. आमची गाडी दरवर्षी जाते आणि दरवर्षी परत येते. कार्तिकात कोपी उभी राहते, चैत्र-वैशाखात पट्टा पडला की मोडली जाते. पुढच्या वर्षी दुसऱ्या थळात तीच कोपी, तीच तीन दगडांची चूल. अशा जिण्यात कथानक कोठे धरावे? लेखक बहुधा येथेच थकतो आणि एखादा अपघात, एखादा बलात्कार किंवा एखादे मरण आणून गोष्ट संपवितो. या घटना खोट्या आहेत असे नव्हे. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली तेव्हा सुमारे ८२,००० स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. वास्तव इतके दारुण असताना लेखकाने अतिशयोक्ती केली असे कोण म्हणेल? आमची तक्रार निराळी आहे. केवळ दुःखाच्या टोकावरच माणूस दाखविला तर वाचकाला कणव येते. ओळख होत नाही. कणव ही दोन तासांत विरते.

कथानक नाही असेही नव्हे. ते मुकादमाच्या वहीत आहे. पावसाळ्यातच मुकादम घरी येऊन उचल देतो. ती कोणाच्या लग्नात जाते, कोणाच्या दवाखान्यात, कोणाच्या खतबियाण्यांत. गाडी निघावयाच्या आधीच पैसे खर्च झालेले असतात. पुढचे पाच-सहा महिने ते फेडण्यात जातात आणि हिशेबात काही बाकी निघाली तर ती पुढच्या हंगामाला चिकटते. ओरेगॉनला निघालेला शेतकरी कर्ज मागे टाकून जमिनीकडे जात होता. आमच्या गाडीवानाचे कर्ज त्याच्या गाडीच्या पुढे चालते. या एका फरकात दोन्ही वाङ्मयांचे वेगळेपण साठवलेले आहे. ज्याला ही वही वाचता येईल त्याला कादंबरीचा सांगाडा आयता मिळेल. वर्षागणिक एक पान, पानागणिक एक कारण, आणि शेवटी बाकी.

याच मुलखात कर्जाच्या कागदाचा इतिहास फार जुना आहे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे येथील शेतकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. पुढील मे महिन्यात सुप्यास उठाव झाला आणि पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून इतिहासात हे नमूद आहे आणि त्यातूनच १८७९ चा शेतकरी कायदा झाला. ज्यांनी रोखे जाळले त्यांचे वंशज आज बागायतदार झाले, आणि त्यांच्या फडात राबणाऱ्या माणसाचे नाव दुसऱ्याच एका वहीत आहे. यात कोणास हिणवण्याचा हेतू नाही. बागायतदारालाही बँक आहे, कारखान्याच्या बिलाची वाट पाहणे आहे, आणि ऊस वेळेवर तुटला नाही तर वाळण्याचे भय आहे. इतिहासाची ही वळणे दाखविणे हे निबंधकाराला साधणार नाही. ते कादंबरीकाराचे काम आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. ऊसतोडीच्या भाषेत नवराबायको मिळून ‘एक कोयता’ होतो. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. हा शब्दप्रयोग प्रथम ऐकला तेव्हा आम्ही चपापलो. विवाहाविषयी आमच्या शास्त्रकारांनी जे अर्धांगाचे रूपक केले, ते येथे मजुरीच्या हिशेबात उतरले आहे. आणि हंगामापूर्वी मुलांची लग्ने घाईने का उरकतात, हेही त्याने थोडेबहुत उलगडते. खाडा, मोळी, पाचट, वाढे, थळ, कोपी, यांतील प्रत्येक शब्दामागे एक रीत आहे. उसाची शेंड्याची पाने, म्हणजे वाढे, कापून ती वैरण म्हणून विकली की चार पैसे रोख हाती येतात; त्यावरच चहा, मिरची व मुलाचे औषध निभते. बीडकडची बोली आणि घोडनदीची बोली वाढ्याच्या पेंढीचा भाव करताना समोरासमोर येतात, तेव्हा जो संवाद घडतो तो आमच्या कोणत्याही नाटकात नाही. कारखान्यात पहिली मोळी गव्हाणीत टाकण्याचा समारंभ होतो, त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रांत येते. ती मोळी कोणी बांधली, तिचा पीळ कसा घालतात, हे त्या छायाचित्रात नसते. वाङ्मयात ते असावयास हवे.

तिसरी गोष्ट स्त्रीची. हेमा राईरकर व गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत पुणे जिल्ह्यातील बायांचा वाटा मोठा आहे. या ओव्यांत गाडी पुष्कळदा येते आणि ती बहुधा माहेरची असते. भाऊ गाडी जुंपून न्यायला येतो, बैलांच्या गळ्यात घुंगरू, गाडीत बसलेल्या बहिणीचा ऊर भरून आलेला. मराठी स्त्रीच्या मनात गाडी म्हणजे सुख. तीच स्त्री कार्तिकात उचलीच्या गाडीमागे पायी चालते तेव्हा तिच्या मनात जुनी ओवी आणि नवी वाट यांचे काय होत असेल? तिच्याजवळ आता जातेही नाही. पीठ गिरणीतून येते, आणि पहाटे दळण्याच्या वेळी ती फडात असते. गाणे जेथे तुटले तेथून गद्याने पुढे चालावे, अशी अपेक्षा करण्यात काही गैर नाही.

हे लिहावयाचे कोणी? ‘ज्याचे त्याने लिहावे’ असे म्हणून हात झटकण्याची सोय आम्हां मध्यमवर्गीयांस अलीकडे झाली आहे. ज्यांचे जिणे आहे त्यांनी लिहिलेले सर्वांत मोलाचे ठरेल, यात शंका नाही. आमच्या वर्गातील त्या मुलीसारख्या कितीतरी मुली आज शिकत आहेत. पण त्यामुळे इतरांचे कर्तव्य संपत नाही. शिरूर हे नाव मराठी वाङ्मयात सर्वांस ठाऊक झाले ते विभावरी शिरूरकर या टोपणनावामुळे. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) लिहून सुशिक्षित मुलींची कोंडी मांडणाऱ्या याच लेखिकेने सोलापूरकडील वसाहतीत नोकरी करताना तारेच्या कुंपणाआडची माणसे पाहिली आणि १९५० साली ‘बळी’ लिहिली. त्या माणसांत त्या जन्मल्या नव्हत्या. पण त्यांच्यात त्यांनी काम केले होते, त्यांचे ऐकले होते. मोटारीच्या खिडकीतून पाहणे आणि हे पाहणे, यांत अंतर आहे ते जातीचे किंवा वर्गाचे एवढेच नव्हे. ते वेळेचे आणि कष्टाचेही आहे.

शिवाय वेळ फार उरलेला नाही. ऊस तोडणारी यंत्रे फडात उतरली आहेत. बैलगाड्यांच्या रांगा विरळ झाल्या आहेत. हे जिणे संपावे अशीच प्रत्येक सहृदय माणसाची इच्छा असणार. परंतु ते लिहिले न जाता संपले, तर या दोन तालुक्यांच्या साखरेचा, रस्त्यांचा, शाळा-महाविद्यालयांचा, आणि हा लेख लिहिणाऱ्याच्या वेतनाचाही, पाया कोणी घातला याची नोंद फक्त कारखान्याच्या कचेरीत राहील. आणि कचेऱ्या जुने कागद रद्दीत घालतात.

ती मुलगी पदवीधर होऊन गेली. ‘बनगरवाडी’ आम्ही पुढेही शिकविली, आजही तितक्याच आवडीने शिकवितो. फक्त शेवटच्या तासाला आता ते जुने विवेचन आटोपते घेतो आणि तिचाच प्रश्न वर्गापुढे ठेवतो: ती माणसे पुढे कोठे गेली? एकदा एका मुलाने खिडकीबाहेर, रस्त्याच्या पलीकडच्या कोप्यांकडे, नुसते बोट दाखविले. त्या दिवशी आम्ही पुस्तक मिटले आणि उरलेला तास मुलांना बोलू दिले.